मुलाखतीचे कपडे गेटपर्यंत नीट कसे पोचवायचे? खास कोकणातल्यांसाठी

चिपळूणहून लोट्याच्या एमआयडीसीत जायचं तर परशुराम घाट चढावा लागतो. अंतर फार नाही, पण जुलै महिन्यात तेवढ्या वाटेत पांढऱ्या शर्टाचं काय होतं ते मी बरीच वर्षं बघितलं. तिथल्या एका कारखान्याच्या पर्सोनेलमध्ये मी होतो आणि मुलाखतीला आलेल्यांना बाकावर बसवून नावं लिहून घेणं हे माझं काम. मुलं घरून चांगलीच निघालेली असायची. पोचेपर्यंत पँटच्या पायांवर लाल चिखल, पाठीला चिकटलेला शर्ट आणि चालताना बुटातून पचक पचक आवाज. म्हणून इथे कुठला रंग शोभतो यापेक्षा कपडे पोचवायचे कसे, हेच जास्त सांगणार आहे.

पंधरा दिवस आधी: तिथे काय घालतात ते बघून या

शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत अर्धा तास बसा. ऑफिसातली माणसं कशी बाहेर पडतात ते बघा आणि त्यांच्यापेक्षा एक पायरी वरचे कपडे ठरवा. ती हाफ शर्टात असतील तर तुम्ही फुल बाह्यांचा शर्ट खोचून घाला. ती स्वतःच फुल बाह्यांच्या शर्टात असतील तर फार तर टाय चढवा. ब्लेझर मुंबईच्या एखाद्या मुख्य कार्यालयासाठी किंवा मोठ्या हॉटेलसाठी ठीक. कुडाळच्या किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मे महिन्यात ब्लेझर घालून आलेला उमेदवार बघून मुलाखत घेणाऱ्यालाच घाम फुटतो.

कामाप्रमाणे थोडा फरक पडतो. रासायनिक कारखान्यात मुलाखतीनंतर कधी कधी लगेच प्लँट दाखवायला नेतात. तिथे पाय पूर्ण झाकणारे बूट हवेत, उघड्या सँडलवर आत सोडत नाहीत. मासळी प्रक्रियेच्या युनिटमध्ये अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, नेलपॉलिश काहीच चालत नाही, तेव्हा मुलाखतीलाच तसं जाणं शहाणपणाचं. अत्तरही नको. तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याच्या रिसॉर्टवाले कपड्यांच्या आधी नखं आणि दाढी बघतात.

कापड घेताना आतलं लेबल वाचा. शुद्ध सुती कापड घाम टिपतं, पण एसटीत तासभर बसलात की चुरगळतं. शुद्ध पॉलिस्टर चुरगळत नाही, पण आपल्या हवेत अंगात भट्टी पेटते. सुती आणि पॉलिस्टरचं मिश्रण हा मधला मार्ग. रंगाचं म्हणाल तर राखाडी आणि फिकट आकाशी शर्टावर काखेतला घाम लांबून दिसतो. पांढरा किंवा गडद निळा शर्ट तो लपवतो. आत बनियन हवंच, ते घाम आधी स्वतः पितं.

शिवून घेणार असाल तर कॅलेंडर बघा. गणपतीच्या आधी आणि मे महिन्यातल्या लग्नसराईत शिंप्याच्या ‘उद्या देतो’वर विसंबू नका. रेडीमेड घ्या आणि फक्त पँटची लांबी मारून घ्या. पावसाळ्यात पँट टाचेखाली लोळता कामा नये.

साडी की सलवार-कुर्ता?

आमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या घरून ‘साडीच नेस’ असा आग्रह असायचा. शाळेच्या मुलाखतीला साडी शोभते, यात वाद नाही. पण तुम्ही वर्षातून दोनदा, हळदीकुंकवाला आणि लग्नाला साडी नेसत असाल, तर त्या दिवशी सगळं लक्ष पदराकडे राहील. एसटीच्या पायऱ्या चढता-उतरता येतात का, हीच खरी परीक्षा. येत नसेल तर गुडघ्याखाली येणारा साधा कुर्ता आणि सलवार किंवा फॉर्मल शर्ट-पँट घाला. ओढणी दोन्ही खांद्यांना पिन करा. कारखान्यात फिरायचं असेल तर ओढणी नसलेलीच बरी, यंत्राजवळ सुटं कापड कुणालाच आवडत नाही. मंगळसूत्र, छोटी कुडी, एखादी बांगडी पुरे. हातभर काचेच्या बांगड्या प्रत्येक उत्तराला किणकिणतात.

आणि अबोलीचा वळेसर? मला स्वतःला तो फार आवडतो. शाळेत, बँकेत माळून गेलात तर काही बिघडणार नाही. खाद्यपदार्थांच्या युनिटमध्ये मात्र केसांवर टोपी घालायला लावतात, तिथे फुलं घरीच ठेवा.

तीन दिवस आधी: धुणं, वाळवणं, इस्त्री

पावसाळ्यात ही पायरी सगळ्यात अवघड. कपडा हळू वाळला की त्याला कुबट वास येतो आणि तो वास घरातल्या कुणालाच जाणवत नाही, कारण सगळ्या घरालाच तो येत असतो. शर्ट हँगरवर घालून पंख्याखाली वाळवा, पडवीतल्या दोरीवर चार कपड्यांत दाबून नको. चुलीवरच्या उतवीवर, म्हणजे धुरात टांगलेल्या फळीवर, तर मुळीच नको. माझ्या पहिल्या मुलाखतीचा शर्ट आईने तसाच वाळवला होता. समोरच्या साहेबांनी दोनदा खिडकीकडे बघितलं, बाहेर कुठे पालापाचोळा जळतोय का म्हणून. वास मारायला सेंटही ओतू नका. कपाटातले कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले असतील तर दोन दिवस वाऱ्यावर टांगा.

लाल मातीचा डाग ओला असताना चोळू नका, तो आत जातो. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, मग थंड पाणी आणि साबण. त्या मातीचा रंग लोहाचा, ब्लीचने तो जात नाही. पांढऱ्या सुती कापडावर तांबूस छटा उरलीच तर लिंबू आणि मीठ लावून बघा. काजूच्या बोंडाचा डाग असेल तर वेळ घालवू नका, तो शर्ट आता बागेत कामाला घाला.

इस्त्री दोन दिवस आधीच उरकून टाका. वारा सुटला की आपल्याकडची लाईट जाते आणि ती नेमकी आदल्या रात्रीच जाते. गेलीच, तर सपाट बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात उकळतं पाणी घ्या, बूड कोरडं पुसा आणि कॉलर, बटणपट्टी, कफ एवढं तरी दाबून घ्या. इस्त्रीनंतर शर्ट गार होईपर्यंत टांगून ठेवा. गरम घातला तर लगेच घड्या पडतात.

बूट आजच माळ्यावरून काढा. चामड्यावर बुरशी आली असेल तर कोरड्या फडक्याने अंगणात पुसा, सावलीत वाळवा, मग पॉलिश करा. पट्ट्याचा रंग बुटासारखा ठेवा.

आदल्या दिवशी: तालीम

सगळं घालून खुर्चीत बसा. पोटावरचं बटण ताणतंय का, पायमोजे आणि पँट यांच्यामध्ये नडगी दिसते का, वाकल्यावर शर्ट सुटतो का, ते बघा. घरातल्या कुणालातरी समोर बसवा. आपल्याकडे आजीइतकं खरं कुणी बोलत नाही.

निघताना

पावसाळ्यात बूट पिशवीत आणि पायात प्लास्टिकच्या चपला, पँट दोन घड्या वर. जास्तीचा एक शर्ट, पायमोजे, छोटा पंचा आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या. फाईल वेगळ्या प्लास्टिकमध्ये. रेनकोटच्या आत भिजण्याइतका घाम येतो, त्यामुळे मोटारसायकल नसेल तर मोठी छत्रीच बरी.

मुंबईला मुलाखत असेल तर रात्रीच्या कोकणकन्येत मुलाखतीचे कपडे अंगावर घालून झोपू नका. शर्टाच्या घडीत पुठ्ठा घाला, पिशवीत सगळ्यात वर ठेवा आणि पहाटे उतरल्यावर प्रतीक्षालयात बदला.

गेटवर

अर्धा तास आधी पोचा. आधी पाय धुऊन पुसा, मग पायमोजे, मग बूट. तोंडावर पाणी मारा आणि पंख्याखाली दहा मिनिटं गप्प बसा, घाम निवला की मगच कॉलरचं बटण लावा. ओल्या चपलांची पिशवी वॉचमनकडे द्या. आणि परत जाताना ती आठवणीने घ्या. आमच्या गेटवर दर पावसाळ्यात दोन-तीन जोड तरी तसेच राहायचे आणि मग गणपतीपर्यंत आमचा वॉचमन त्याच घालून फिरायचा.