न्यूर्नबर्गात नवीन आहात? एकदा लोरेन्त्स चर्चमध्ये जाऊन या

जर्मनीत न्यूर्नबर्ग-एर्लांगेनकडे नोकरीसाठी आलेली आपली मंडळी आधी घर शोधतात, मग भारतीय किराणा. गावाच्या मधोमध उभं असलेलं सेंट लोरेन्त्स चर्च मात्र राहून जातं. त्याच्याच नावाच्या उबान, म्हणजे मेट्रोच्या स्टेशनवर उतरून लोक कारोलिनेनश्ट्रासेत खरेदीला जातात, दारासमोर फोटो काढतात, आत कोणी जात नाही. "आपल्याला आत जायला चालतं का हो?" असं नवीन आलेलं कोणी ना कोणी विचारतंच. चालतं. दाराशी कोणी धर्म विचारत नाही.

धर्म विचारतात तो पत्ता नोंदवताना, आनमेल्डुंगच्या वेळी. तिथे पैशाचा मामला आहे, म्हणून आधी तेच सांगते. कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट अशी नोंद झाली की चर्चचा कर, म्हणजे किर्खेनश्टॉयर, पगारातून आपोआप कापला जातो. बव्हेरियात तो आयकराच्या 8 टक्के असतो. पगाराच्या नव्हे, एवढा दिलासा. हिंदू, बौद्ध, जैन, मुसलमान यांना तो लागत नाही, पण फॉर्म न वाचता भलत्याच रकान्यात खूण करू नका आणि पहिली पगारपावती नीट तपासा. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक मंडळींनी हा कर गृहीत धरूनच महिन्याचा हिशेब मांडावा. नुसतं चर्च बघायला जाण्याचा या कराशी काडीचाही संबंध नाही.

आता आत जाऊ. बूट काढायचे नाहीत. आई-बाबा इकडे आले की सवयीने दाराशी वाकतातच, त्यांना ट्रेनमध्येच सांगून ठेवा. आतली दगडी फरशी चांगलीच गार असते. पुरुषांनी टोपी काढायची. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा फिरायला जाऊ नका; मागे शांत बसून ऐकणार असाल तर हरकत नाही. दानपेटीत दोन-चार युरो जरूर टाका, एवढी जुनी इमारत सांभाळायला खर्च येतो.

उभ्या उभ्या चक्कर मारून बाहेर पडू नका. थेट पुढे, वेदीकडे जा. डाव्या अंगाला दगडात कोरलेला सुमारे 20 मीटर उंचीचा मनोरा आहे. प्रसादाची पवित्र भाकरी ठेवण्यासाठी आडाम क्राफ्ट या पाथरवटाने तो 1493 ते 1496 या काळात घडवला. वर छत लागलं म्हणून टोक वाकवून दिलंय, जणू दगड नसून वेलच. पण मला आवडतं ते खाली. मनोऱ्याचा भार पाठीवर घेऊन गुडघ्यावर टेकलेला दाढीवाला माणूस दिसेल, हातात हातोडा आणि छिन्नी. तो स्वतः क्राफ्ट. संताचा किंवा पैसे देणाऱ्या शेठजीचा पुतळा सगळीकडेच असतो, इथे कारागीर कामाच्या हत्यारांसकट बसलाय.

मग मान वर करा. छतापासून टांगलेलं लाकडी शिल्प दिसेल: देवदूत मरियेला येशूच्या जन्माची बातमी सांगतोय, भोवती गुलाबांचं कडं. फाइट श्टॉस याने ते 1517-18 मध्ये केलं. या गृहस्थाने 1503 साली खोटा दस्तऐवज केला म्हणून गावाने त्याच्या दोन्ही गालांवर डाग दिले होते. पुढे त्याच गावातल्या आन्टोन टूखर या बड्या सावकाराने त्याला हे काम दिलं. गुण मोठा असला की गाव गालाकडे बघत नाही, असं म्हणावं का?

1525 मध्ये न्यूर्नबर्गाने लूथरचा, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला. पुष्कळ ठिकाणी तेव्हा मूर्ती फोडल्या गेल्या, इथे वाचल्या. त्या गावातल्याच मातबर घराण्यांनी दिलेल्या होत्या, त्यांच्या आज्या-पणज्यांच्या नावाच्या, फोडणार कोण? देवदूताचं शिल्प तेवढं कितीतरी वर्षं कापडाखाली झाकून ठेवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ते किल्ल्याखालच्या तळघरात हलवलं म्हणून टिकलं. चर्चला मात्र बाँबचा जबर मार बसला. आज दिसतं त्यातलं बरंच नंतर पुन्हा बांधलेलं आहे.

वेळ जुळत असेल तर दुपारी बाराच्या आधी नदी ओलांडून हाउप्टमार्क्ट या चौकातल्या फ्राउएनकिर्खेसमोर पोचा. हे कॅथलिक चर्च. ठोक्याला घड्याळातून सात राजपुरुष निघून सम्राट चौथ्या कार्लभोवती फिरतात; मुलं खूश होतात. मोठ्यांनी एवढं माहीत करून घ्यावं की याच जागी आधी ज्यूंचं सिनेगॉग होतं. 1349 मध्ये इथल्या ज्यूंची कत्तल झाली, सिनेगॉग पाडलं, आणि त्यावर याच कार्लच्या आश्रयाने हे चर्च उभं राहिलं. ख्रिसमसच्या बाजारात याच चौकात उभं राहायला जागा नसते, तेव्हा घड्याळ बघायला एखादा साधा वार निवडा.