ऑर्गनवर बसण्याआधी

वसईत मी चर्चमध्ये रविवारच्या मराठी मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, ऑर्गन वाजवायचो. नोकरीपायी गोव्यातल्या सासष्टीत आलो, इथल्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, सज्ज्यावर चढलो, तेव्हा वाटलं होतं की स्वरलिपी तीच, फक्त रोमी लिपीतली कोंकणी वाचायची सवय करायची. पहिल्याच अर्पणगीताला चूक कळली. खाली लोक एका जागी श्वास घेत होते, मी भलत्याच जागी.

कॉयरला, म्हणजे चर्चमधल्या गायकवृंदाला, शिकवणाऱ्याला इथे मेस्त म्हणतात. मिस्सा संपल्यावर आमच्या मेस्तांनी शांतपणे वाद्यावर कापड टाकलं आणि म्हणाले, "पुता, पयलीं गाय, मागीर वाजय." महिनाभर मी बेसच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पुरुषी आवाजांच्या, रांगेत उभा राहून गायलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच महिन्यात मेस्तांचे हात नीट बघता आले. ओळ संपली की मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका शेवटचं अक्षर जरा लांबवतात. तेवढा वेळ मेस्त डाव्या हाताचा खर्ज दाबून धरत, उजवा हात मात्र उचलत. त्या फटीत सगळं चर्च श्वास घ्यायचं. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच दाखवतो.

वाचून वाजवता आलंच पाहिजे. ही गोव्याची जुनी शिस्त आहे: पोर्तुगीज काळात पॅरिशच्या शाळेत मेस्त गावच्या मुलांना सोल्फा, म्हणजे दो-रे-मी म्हणत स्वर वाचणं, आणि व्हायोलिन शिकवत. मुंबईच्या बँडांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोवेकर वादक भरले ते त्या जोरावर. आज पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, ग्रेडच्या परीक्षाही देता येतात. मात्र गाणं ऐन वेळी एक स्वर खाली उतरवणं परीक्षेपेक्षा सज्ज्यावरच जास्त लागतं. सकाळच्या पहिल्या मिस्साला कुणाचाच गळा तापलेला नसतो.

वर्षाचं गणित फेस्तांभोवती, म्हणजे चर्चच्या सणांभोवती, फिरतं. फेस्ताआधी नऊ दिवस नोवेनाच्या प्रार्थना, म्हणजे संध्याकाळी कामावरून थेट चर्च. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ऑर्गन फक्त गाण्याला आधार देतो. पवित्र गुरुवारच्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर तर आमच्याकडे तो बंदच, थेट पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणातल्या ग्लोरियाला उघडतो. या काळात मोतेत, म्हणजे उपवासकाळातली भक्तिगीतं, ऐकायला जा. व्हायोलिन, क्लॅरिनेट, डबल बास आणि माणसांचे आवाज. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा घरी येऊन जेवलोही नाही.

पैशांचं म्हणाल तर लग्नाला मानधन मिळतं, रविवारी बहुतेक सेवाच. पोटासाठी दुसरं काम हवं.

आणि लग्न स्वीकारलंत तर रिकाम्या चर्चमध्ये ठरवलेल्या आवाजावर विसंबू नका. दगडी भिंतींत तिथे सगळंच मोठं घुमतं. बाक भरले की आवाज बसतो. कुणाला तरी वेदीजवळ उभं करा, पहिल्या कडव्याला त्याच्या हाताकडे बघा आणि मग आवाजाचं पेडल दाबा.