खेळणी घेताना काय बघायचं: पुण्यातल्या आईबाबांसाठी

तुळशीबागेत जा नाहीतर मॉलमधल्या चकाचक दुकानात जा, पहिला प्रश्न ठरलेला, "मुलगा आहे का मुलगी?" त्या माणसाची काही चूक नाही, गर्दीत त्याला पटकन रॅक ठरवायचा असतो, एकीकडे गुलाबी एकीकडे निळं. पण तुम्ही उत्तर दिलंत की निम्मं दुकान तुमच्यासाठी बंद. म्हणून पहिली ट्रिक हीच, उत्तर वेगळं द्यायचं: "पाच वर्षांचं मूल आहे, जोडाजोडी आवडते, लवकर मोडणार नाही असं दाखवा." वय, आवड, बजेट एवढ्यावर तो बरोबर माल काढतो. फारच मागे लागला तर "दोन्ही आहेत" म्हणून मोकळं व्हायचं.

आमच्याकडे खरंच दोन्ही आहेत, मुलगी मोठी मुलगा धाकटा, आणि आजी, आत्या, मावशी सगळे एका रिक्षाच्या अंतरावर, त्यामुळे घरात काय खेळणं येणार यावर आईबापाचा कंट्रोल किती असतो ते वेगळं सांगायला नको. तरी जेवढं हातात आहे तेवढं नीट करता येतं.

दुकानात जायच्या आधी एक काम घरी करा. सगळी खेळणी खोलीभर ओता, पोरं घरात नसताना, आणि ढीग लावा. रंगाप्रमाणे नाही, त्या खेळण्याने मूल करतं काय त्याप्रमाणे. नटवतं, सांभाळतं, रांधतं, मारतं, पळवतं, जोडतं, विकतं. बहुतेक घरांत मुलीकडे पहिले तीन ढीग ओसंडून वाहत असतात आणि मुलाकडे मारणं-पळवणं. जो ढीग रिकामा, ती तुमची पुढच्या खरेदीची यादी, बास. गुलाबी रंगाचा जेसीबी घेतला तरी चालेल, मूल माती उकरणार आहे ना, मग रंगावरून कशाला डोकं खायचं.

आता बाहुली. "आम्ही घरात बार्बी येऊच देत नाही" असं छातीठोक सांगणारे पालक मला माहितीयेत, पण बंदी घातली की ती शेजारच्या घरी खेळली जाते आणि वर तिला जास्त भाव येतो. त्यापेक्षा दोऱ्याचा खेळ खेळा. बार्बीची उंची साडेअकरा इंच, ती खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश मापात बनवलेली आहे, म्हणजे सहाने गुणलं की ६९ इंच, पाच फूट नऊ इंच बाई. मग तिच्या कमरेला शिवणाचा दोरा गुंडाळायचा, पट्टीवर मोजायचा, सहाने गुणायचं. जुन्या मापाची बाहुली असेल तर १८ इंचांच्या आसपास येतं. मग तोच दोरा आईच्या, आजीच्या, शेजारच्या काकूंच्या कमरेला लावायचा. सहाचा पाढा येणाऱ्या मुलीला हे करायला दिलंत की ती स्वतःच विचारते, हिने खाल्लेली पोळी जाते कुठे? आणि तुम्हाला एक अक्षर लेक्चर द्यावं लागत नाही.

थोडी मोठी मुलगी असेल तर तिला बार्बीची गोष्टही सांगा, कारण ती भारी आहे. रूथ हँडलर नावाच्या बाईंनी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ही आणली, आणि तिचं मॉडेल होतं लिली नावाची जर्मन बाहुली, जी एका पेपरातल्या कार्टूनवरून बनलेली आणि मुळात मोठ्या माणसांसाठी होती. पुढे १९६५ मध्ये बार्बी अंतराळवीर झाली, माणूस चंद्रावर जायच्या चार वर्षं आधी, आणि त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका सेटमध्ये तिच्यासोबत वजनकाटा होता ११० पौंडांवर, म्हणजे ५० किलोवर अडकवलेला, आणि वजन कमी करण्याचं छोटं पुस्तक, ज्यातला सल्ला होता: खाऊ नका. दोन्ही एकाच वर्षी, एकाच कंपनीकडून! २०१६ पासून उंच, बुटकी आणि भरलेल्या अंगाची असे आणखी तीन बांधे मिळतात, घ्यायचीच असेल तर एक तरी त्यातली घ्या म्हणजे घरात सगळ्याच बाहुल्या एका साच्यातल्या राहणार नाहीत. हे उगाच नाही, २००६ मध्ये छापून आलेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात साधारण पाच ते आठ वर्षांच्या मुलींना गोष्टीच्या पुस्तकातून नुसती बार्बीची चित्रं दाखवली तरी लहान मुलींना स्वतःचं शरीर कमी आवडायला लागलं, आपण अजून बारीक असावं असं वाटायला लागलं. नुसती चित्रं हं, खेळणं सोडाच.

आणि मुलाचे सुपरहिरो विसरू नका, ते कायम सुटतात. मुलींबद्दल सगळे बोलतात पण बंडी फाटेल एवढी छाती घेऊन फिरणाऱ्या बाहुल्यांकडे कोणी दोरा घेऊन जात नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये संशोधकांनी हेच मोजलं, जी. आय. जो नावाच्या सैनिक बाहुल्याचा दंड १९६४ मध्ये साध्या माणसासारखा होता आणि नव्वदच्या दशकातल्या एका मॉडेलमध्ये माणसाच्या मापात २६ इंचांच्या वर गेला, म्हणजे भल्याभल्या बॉडीबिल्डरांपेक्षा जास्त. तर त्याच्याही दंडाला दोरा लावा आणि बाबाच्या दंडाशी तुलना करा, बाबाने जरा खिलाडूपणे घ्यावं.

एक गैरसमज काढून टाका, की हे सगळं "परदेशी फॅड" आहे आणि देशी बाहुली आणली की प्रश्न मिटला. इराणने २००२ मध्ये सारा आणि दारा ही बाहुलाबाहुलीची जोडी आणली, त्यानंतर २००३ मध्ये सिरियातून फुल्ला आली, डोक्यावर हिजाब, अंगात अबाया म्हणजे पायघोळ झगा, अरब देशांत ती जोरात खपली, पण कपडे बदलले तरी अंगकाठी लांब आणि शेलाटीच राहिली. जपानची लिक्का १९६७ ची, ती शाळकरी मुलगी आहे. त्याच जपानमध्ये ३ मार्चला मुलींसाठी राजाराणी आणि दरबाराच्या बाहुल्या मांडतात, आणि सण झाल्यावर त्या आवरायला उशीर केला तर मुलीचं लग्न लांबतं म्हणतात, म्हणजे आपल्याकडच्या बाहुलाबाहुलीच्या लग्नाची लांबची बहीणच झाली ही. ५ मेला मुलग्यांसाठी सामुराईचं शिरस्त्राण आणि कापडी मासे. १९४८ पासून तो दिवस कायद्याने मुलगे-मुली सगळ्यांचाच आहे, तरी शिरस्त्राण मुलग्याच्याच नावाचं. उलट घानामधली असांटे लोकांची अकुआबा बघा, मूल व्हावं म्हणून बायका जवळ बाळगायच्या ती लाकडी बाहुली, मोठं गोल चपटं डोकं, रुंद कपाळ, गळ्यावर वळ्या, कारण तिथे गळ्याला वळ्या पडणं हे सौंदर्याचं लक्षण. नेटवर तिचा फोटो काढून मुलांना दाखवाच, सुंदर म्हणजे काय हे गावागणिक बदलतं हे त्यांना लगेच दिसतं.

रंगाचंही बघा. शोकेसमधल्या दहा बाहुल्या बघितल्यात तर किती सावळ्या असतात? आपली पोरं गव्हाळ, सावळी, काळी आणि बाहुली दुधासारखी. अमेरिकेत १९४० च्या दशकात क्लार्क नवराबायकोने काळ्या मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून विचारलं कुठली छान, तर बरीच मुलं गोरी दाखवायची, आणि १९५४ च्या शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या कामाचा दाखला घेतला. आपल्याकडे सोपा उपाय म्हणजे चिंधीची बाहुली. टेलरकडे उरलेले तपकिरी, चॉकलेटी सुती तुकडे मागा, कापूस घरचा, केसांना लोकर, आणि पोट पाहिजे तेवढं मोठं करा. आजीला यात ओढा, आजी खूश होते आणि तेवढा वेळ गोरेपणावरची कॉमेंट्रीही बंद राहते.

भातुकलीवर मात्र मी जरा जास्त बोलणार, कारण पुण्यात राहून भातुकली नाही घेतली तर काय केलं. तुळशीबागेत स्टीलची, पितळेची, लाकडाची सगळी मिळते, पोळपाट-लाटणं, कढई, जातं, पाटा-वरवंटा, बंब, कुकर, आणि ती बघताना मोठ्या बायकांचेही पाय हलत नाहीत. ही मुलाला घ्या. मुलीला घेतली असेल तर मुलाला वेगळी नको, तीच दोघांची, पण घरी आल्यावर "ताईचं आहे, तू कशाला हात लावतोस" हे वाक्य बंद. भातुकलीत पोरं घरचंच रोजचं करून दाखवतात, तुमच्याकडे बाबा सोफ्यावर आणि आई ओट्याशी असेल तर खेळातही बाबा "चहा आण" म्हणूनच येणार, त्याला तुळशीबाग काय करणार. म्हणून सेट आणल्यावर पहिल्या रविवारी खरं काहीतरी करा, कच्चे पोहे, भेळ, काकडीची कोशिंबीर, गॅस नको, आणि त्यात बाबांनी मांडी घालून बसायचं आणि कांदा बाबांनीच चिरायचा. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघं भाजी निवडतायत असं चित्र छापलं होतं, ते ऑफिस आपल्या सेनापती बापट रोडवरच आहे, पण पुस्तकातलं चित्र घरातल्या ओट्यापर्यंत यायला वेळ लागतो. मुलगा भातुकली खेळतो म्हणून कोणी हसलं तर त्याच्यासमोरच सांगायचं, "याला पुढे हॉस्टेलला राहायचंय, उपाशी मरेल का?" पुण्यात हे आर्ग्युमेंट चालतं, कारण सगळ्यांची पोरं कुठे ना कुठे बाहेरच आहेत.

आणि गाड्या मुलीला. या शहरात पोरगी अठराची झाली की स्कार्फ बांधून स्कूटी काढणार हे पक्कं, मग लहानपणी गाड्यांचा बॉक्स फक्त भावाला कशासाठी? स्क्रू फिरवायचा सेट, पाना, ब्लॉक्स, आणि शक्यतो "मुलींसाठी स्पेशल" असं लिहिलेलं सोडून साधं. दिवाळीचा किल्लाही तसाच. चिखल मुलगे कालवणार आणि मुली रांगोळीचे रंग भरणार ही वाटणी मोडा, दोघांनीही दोन्ही करायचं. कुंभारवाड्यात चित्रं आणायला गेलात की मावळे, तोफा, गवळणी सगळं घ्या आणि हिरकणीची गोष्ट सांगून तिच्यासाठी एक बुरूज मुलांकडूनच बनवून घ्या.

पैसे घालवायचेच नसतील तर अरविंद गुप्तांची साईट उघडा, काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची ट्यूब, स्ट्रॉ, जुनी सीडी यातून करायची शेकडो खेळणी, फुकट, मराठीतसुद्धा. ते बरीच वर्षं आपल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान केंद्रात होते, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. स्ट्रॉच्या पिपाणीला मुलगा-मुलगी काही नसतं, आवाज मात्र असतो, दुपारी झोपणाऱ्या घरांनी विचार करून करावी.

आता सगळ्यात अवघड भाग, नातेवाईक. वाढदिवसाच्या आधीच फॅमिली ग्रुपवर टाकून ठेवा, नंतर तोंड वाकडं करण्यात अर्थ नाही: "गिफ्ट आणायचंच असेल तर ब्लॉक्स, गोष्टीचं पुस्तक किंवा बॉल आणा, बाहुल्या आणि बंदुका भरपूर आहेत 🙏". आत्या तरी मेकअप किट आणणारच. आणू द्या, फेकू नका, फक्त ते दोघांसमोर उघडा, मुलगा लिपस्टिक लावून वाघ झाला की किट आपोआप नाटकाचं सामान होतं. खेळण्यापेक्षा जास्त लक्ष द्यायचं ते तोंडी कॉमेंट्सकडे, "जाडी झालीस गं", "उन्हात नको जाऊ काळी पडशील", "मुलगा असून रडतोस काय". सासूबाईंना सगळ्यांसमोर टोकू नका, नंतर एकटीने सांगा, "आई, तिच्या वजनाबद्दल तिच्यासमोर नको बोलूया, तिने काल भात टाकला ताटात." कारण सांगितलं की बहुतेक आज्या ऐकतात. आणि आपण स्वतः आरशासमोर पोट आत घेऊन जे पुटपुटतो तेही कोणीतरी ऐकत असतं. फिजीमध्ये भरलेल्या अंगाचं कौतुक होतं, एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला आणि तीनच वर्षांनी शाळकरी मुलींपैकी ११ टक्क्यांनी वजनासाठी मुद्दाम उलटी काढतो असं सांगितलं, आधी एकही नव्हती. तुमच्या घरात तर टीव्ही, फोन आणि चेहरा बारीक करणारे फिल्टर तिन्ही आहेत. मूल जेवण टाळायला लागलं, फोटोतून पळायला लागलं, पोटाला सारखं हात लावून बघायला लागलं तर खेळणी बदलून भागणार नाही, तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला, ते पुढे कोणाकडे जायचं ते सांगतात.

परदेशात दुकानांवरच दबाव आलाय, स्वीडनमध्ये २०१२ ला एका मोठ्या कंपनीने कॅटलॉगमध्ये मुलीच्या हातात खेळण्यातली बंदूक आणि मुलाच्या हातात बाहुली दिली, कॅलिफोर्नियात २०२४ पासून मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी न लिहिलेला खेळण्यांचा विभाग ठेवायलाच लागतो. आपल्याकडे एवढं होईपर्यंत पोरं कॉलेजला जातील, तोपर्यंत आपली यादी आपण करायची. हो, आणि काहीही घ्या, पाकिटावर आयएसआय मार्क बघा, २०२१ पासून तो सक्तीचा आहे, रस्त्यावरच्या स्वस्त प्लास्टिकवर बऱ्याचदा नसतो.

रिटर्न गिफ्टसाठी गुलाबी आणि निळ्या अशा दोन पिशव्या भरत बसू नका, सगळ्यांना एकच द्या. भोवरा, सागरगोटे, खडूची पेटी, भिंग, रोपाच्या बिया. आमच्या सोसायटीत सगळ्यात हिट गेलं ते भिंग, आठवडाभर जिन्यात पोरं मुंग्या बघत आडवी पडलेली होती आणि वॉचमन काका त्यांच्यावरून उड्या मारत जात होते.