फोनमधली मेडिकल माहिती ऐन वेळी उघडत का नाही? या चुका टाळा

"पेशंटला कोणती औषधं चालू आहेत?" हा प्रश्न मी कॅज्युअल्टीत दिवसातून दहा-बारा वेळा विचारते. हमखास येणारं उत्तर असतं, "बीपीची एक पांढरी गोळी आहे, बाकी सगळं फोनमध्ये आहे." फोन पुढे करतात, तर तो लॉक असतो आणि ज्याच्या बोटानं तो उघडणार तो स्ट्रेचरवर बेशुद्ध. तालुक्याच्या गावी 14 वर्षं हे काम करते आहे. पूर्वी लोकांकडे माहिती नसायची. आता ती असते, पण हाताला लागत नाही, आणि याचा मला जास्त त्रास होतो.

सगळी माहिती ओटीपीच्या आड ठेवणं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दुपारी दोनच्या सुमारास शेजारच्या काकू एका सत्तरीच्या आजोबांना रिक्षातून घेऊन आल्या. बाथरूममध्ये पडले होते. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, जखम किरकोळ, पण बोलणं असंबद्ध. नाडी हाताला लागली ती अनियमित, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा संशय आला आणि लगेच सीटी स्कॅनला पाठवलं. पण गोळी कोणती? ॲसेनोकुमारॉलसारखी जुन्या प्रकारची असेल तर व्हिटॅमिन के आणि प्लाझ्मा. नव्या गोळ्यांवर तो उपाय चालत नाही.

मुलगा बेंगळुरूला. कामात अतिशय नेटका. त्यानं वडिलांचं आभा कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) काढलं होतं, 14 अंकी नंबर त्यांच्या पाकिटात होता, डिस्चार्ज कार्डापासून प्रिस्क्रिप्शनपर्यंत सगळं ॲपमध्ये चढवलेलं. आजोबांचा फोन काकूंनी पॅटर्न आठवून उघडला. ॲपनं ओटीपी मागितला. तो गेला मुलाच्या नंबरवर, आणि मुलगा त्या वेळी दिल्लीच्या विमानात, फोन बंद.

काकू परत घरी धावल्या आणि गोळ्यांची प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यात चार स्ट्रिप. हवी ती स्ट्रिप कात्रीनं कापत कापत आणलेली, नावातली शेवटची तीन अक्षरं तेवढी शिल्लक. ती उजेडात धरून मी आणि सिस्टरनं अंदाज बांधला : असिट्रॉम, म्हणजे ॲसेनोकुमारॉलच. तेवढ्यात आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा, रिपोर्टही आला, चारच्या वर, म्हणजे रक्त फारच पातळ. डोक्यात रक्तस्राव सुरू झाला होता. उपचार सुरू करून कोल्हापूरला न्यूरोसर्जनकडे पाठवलं. आजोबा वाचले, आज काठी टेकत फिरतात. पण ती 50 मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत.

आभावर माझा अजिबात राग नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 2021 मध्ये देशभर सुरू झालं तेव्हापासून मी पेशंटना कार्ड काढायला सांगते. तुमच्या संमतीशिवाय रेकॉर्ड उघडू नये, हे बरोबरच आहे. म्हणूनच जीव वाचवणाऱ्या चार ओळी त्या कुलपाबाहेर हव्यात. आईवडिलांचं कार्ड काढताना मोबाइल नंबर त्यांचाच द्या. "त्यांना कुठे कळतंय ओटीपी" म्हणून स्वतःचा देण्याची घाई करू नका, आधी दोन दिवस बसून त्यांना शिकवा.

बाहेर ठेवायची जागा फोनमध्येच आहे. आयफोनमध्ये हेल्थ ॲपमधला मेडिकल आयडी, ॲण्ड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी' असं शोधलं की आपत्कालीन माहितीचं पान. ते भरूनही लॉक स्क्रीनवर दिसत नसेल, तर लॉक असताना दाखवण्याचा पर्याय बहुतेक वेळा बंद राहिलेला असतो. फोन लॉक करून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या आणि 'इमर्जन्सी'वर दाबून माहिती काढायला सांगा. त्याला सापडली नाही तर मलाही सापडणार नाही. काही फोनमध्ये हे पान फारच आत दडलेलं असतं. मग त्याच चार ओळींचा फोटो लॉक स्क्रीनला लावा, किंवा कव्हरमागे चिठ्ठी सरकवा. चिठ्ठीला चार्जिंग लागत नाही.

औषधाचं नाव स्ट्रिपवर असतं तसंच लिहा, इंग्रजी अक्षरांत, मिलिग्रॅमसकट. आणि स्ट्रिप कापताना नावाची बाजू शेवटपर्यंत राखा.

रक्तगट भरला की काम झालं असं समजणं

मेडिकल आयडीत लोक हौसेनं रक्तगट भरतात आणि औषधांची जागा रिकामी ठेवतात. तुमच्या फोनवर 'बी पॉझिटिव्ह' आहे म्हणून आम्ही बी पॉझिटिव्हची पिशवी लावत नाही, कधीच नाही. नमुना रक्तपेढीत जातो, गट तपासतात, क्रॉसमॅच होतं, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघतात. तेवढीही सवड नसेल तर ओ निगेटिव्ह. रक्तगट जरूर भरा, पण शेवटी भरा.

आधी रक्त पातळ करणारी औषधं, इन्शुलिन, फिटच्या गोळ्या. मग ॲलर्जी. एका फोनवर 'ॲलर्जी : आहे' एवढंच वाचलं होतं, त्यावरून मी काय ठरवणार? कशाची आणि काय झालं होतं, दोन्ही हवं. पेनिसिलिननं ओठ सुजून धाप लागली ही गोष्ट वेगळी, जुलाब झाले ही वेगळी. डायलिसिसवाल्यांनी फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं केलेला रक्तवाहिन्यांचा जोड) कोणत्या हातात आहे ते लिहावं, त्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा लावायचा नसतो.

स्वतःचे नेहमीचे आकडे न ठेवणं

विडीनं किंवा चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब झालेल्या सीओपीडीच्या पेशंटचा ऑक्सिजन आम्ही साधारण 88 ते 92 टक्क्यांत ठेवतो. नातेवाईक ऑक्सिमीटरवर 90 बघून घाबरतात आणि ऑक्सिजन पूर्ण वाढवायला लावतात, त्यानं अपाय होऊ शकतो. बरं असताना किती असतो, ते लिहून ठेवा.

बरं असतानाच्या ईसीजीचा स्पष्ट फोटो फोनमध्ये हवाच. छातीत दुखत आलेल्या माणसाचा ईसीजी बिघडलेला दिसला, तर तो आज बिघडला की पाच वर्षांपासून तसाच आहे, हे त्या फोटोवरून क्षणात कळतं.

घड्याळानं 'नॉर्मल' दाखवलं म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढू नका. मनगटावरचा एका लीडचा (हृदयाकडे एकाच बाजूनं बघणारा) ईसीजी हार्ट ॲटॅक पकडत नाही, ॲपलच्या घड्याळावर तर तसं लिहिलेलंच असतं.

लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर डॉक्टरांच्या कानात सांगा. त्यावर छातीतल्या दुखण्यासाठी देतात ते नाइट्रेट दिलं की बीपी धोकादायक पडतं.

अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते मोजतात माणूस शेवटचा धड होता तेव्हापासून. "सकाळी उठले तर असे" यावर वेळ ठरत नाही. मी नातेवाइकांना आधी विचारते, त्यांचा शेवटचा नीट व्हॉट्सॲप मेसेज किती वाजताचा? दोनदा तरी त्यावरून वेळ ठरली आहे.

यादी एकदाच करणं

तीन वर्षांपूर्वीची यादी धोक्याची, कारण आम्ही तिच्यावर विश्वास ठेवतो. यादीवर तारीख घाला. माझ्या आईची संकष्टी असते. चंद्रोदयापर्यंत ती जेवत नाही, तेवढ्या वेळात मी तिच्या गोळ्यांची पिशवी ओट्यावर ओतते आणि फोनमधल्या यादीशी एकेक जुळवते. पंधरा मिनिटं लागतात. गेल्या महिन्यात तिच्या बीपीच्या गोळीचा डोस बदललेला निघाला, आणि यादीत जुनाच होता.

दूरच्या शहरातून 108 लावणं

108 तुम्ही ज्या राज्यात आहात तिथल्या केंद्राला लागतो. बेंगळुरूतून लावलात तर कर्नाटकचं केंद्र उचलणार, सावंतवाडीतल्या आईसाठी त्याचा उपयोग नाही. फोन गावातूनच जायला हवा. म्हणून शेजारच्या दोन घरांचे नंबर तुमच्याकडे हवेत, आणि त्या दोन घरांना तुमच्या आईची चिठ्ठी कुठे आहे ते माहीत हवं. पत्ता सांगताना "मारुतीच्या देवळाजवळ" पुरत नाही, गावात तीन मारुती असतात. गाव, तालुका, वाडी, आणि कोणीतरी रस्त्यावर टॉर्च घेऊन उभं राहायला सांगा.