आर्नहेम लँडची पहिली भेट: आधी परवाना, मग ओहोटी

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतला आर्नहेम लँड हा सुमारे ९७,००० चौरस किलोमीटरचा मुलूख. १९७६च्या भूमी हक्क कायद्याने इथली जमीन आदिवासींच्या मालकीची झाली. त्यामुळे परवान्याशिवाय आत शिरणे हा गुन्हा आहे. परवाना नॉर्दर्न लँड कौन्सिल ही आदिवासींच्या जमिनीचे काम पाहणारी संस्था देते. अर्ज किमान दोन आठवडे आधी करा, कारण अनेकदा मूळ मालकांना विचारावे लागते. अंत्यविधी किंवा धार्मिक सोहळा असला की परवाना हातात असूनही वाट बंद होऊ शकते. तेव्हा हुज्जत घालू नका. एखादा दिवस हाताशी राखूनच निघा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने शेजारच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानामार्गे गनबलान्या हे गाव गाठावे. काकाडू उद्यानाचा पास वेगळा काढावा लागतो. मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. पावसाळ्यात हा रस्ता पाण्याखाली जातो.

खरी कसोटी ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरच्या केहिल्स क्रॉसिंगची. हा पूल नव्हे, तर नदीच्या पात्रातूनच जाणारा सपाट काँक्रीटचा रस्ता आहे आणि भरतीला पाणी त्याच्यावरून जोरात वाहते. गाड्या वाहून जातात त्या बहुधा अशाच वेळी. डार्विन बंदराचे वेळापत्रक इथे उपयोगाचे नाही, कारण भरती नदीतून वर चढायला काही तास लागतात. या क्रॉसिंगच्याच वेळा विचारून घ्या आणि परतीची ओहोटीही आधीच हिशेबात धरा. एरवी अनोळखी पाणी पायी चालून तपासतात. इथे ते जिवावर बेतेल. भरतीबरोबर मासे येतात आणि त्यांच्या मागे खाऱ्या पाण्यातल्या मगरी. काठापासून किमान ५ मीटर दूर राहा. फोर व्हील ड्राइव्ह गाडीच हवी. भाड्याची असेल तर नदी ओलांडताना विमा लागू राहतो का, हे करारात वाचा. बहुतेकदा राहत नाही.

गावातल्या इंजालाक कला केंद्रातून वाटाड्या घेऊन इंजालाक डोंगर चढा, तोही सकाळीच, कारण दुपारी खडक तापतो. पाणी भरपूर, बूट पक्के. माशाची हाडे-आतडी दिसतील अशा क्ष-किरण शैलीतली खडकांवरची चित्रे इथे अगदी जवळून पाहता येतात. चित्रांना हात लावू नका, बोटांच्या घामाने रंग झिजतो. फोटो विचारूनच काढा, माणसांचे तर नक्कीच. एखादी गोष्ट सांगायला वाटाड्याने नकार दिला, तर ती बाहेरच्यांसाठी नसते. पुन्हा विचारू नका. मृत व्यक्तीचे नावही उच्चारू नका. केवड्याच्या पानांच्या विणलेल्या टोपल्या केंद्रातूनच घ्या. पैसे विणणारीपर्यंत पोचतात.

दारू गाडीतही ठेवू नका.