गोव्यात नवीन आलात? मारामारीचा कायदा आधी समजून घ्या

सावंतवाडी, चंदगड, कोल्हापूरकडनं दर महिन्याला दोन-चार पोरं वेर्ण्याला कंपनीत लागतात आणि पत्रादेवीचा नाका ओलांडला की त्यांना वाटतं इथं सगळं वेगळं, कायदा पण पोर्तुगीजांचा. तर तसं नाहीये. पोर्तुगीजांची सिव्हिल कोड आहे ती लग्न, वारसा, मालमत्ता ह्यासाठी, मारहाणीला नाही. फौजदारी कायदा गोव्यात तोच जो तुमच्या गावाला, आणि 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहिता. मी 2009 पासून इथं आहे, एकेका खोलीत चार-पाच पोरं राहतात, पगाराच्या दिवशी भांडणं होतात हे बघतोय, म्हणून हे लिहितोय.

कायद्यात दोन शब्द आहेत, दुखापत आणि जबर दुखापत. साधी थप्पड, ढकलाढकली, खरचटणं ही दुखापत, कलम 115, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ती अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतात पण कोर्टाच्या हुकुमाशिवाय तपास करत नाहीत. जबर दुखापत म्हणजे काय ते कलम 116 मध्ये आहे: डोळा किंवा कान कायमचा जाणं, अवयव किंवा सांधा जाणं किंवा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं नाहीतर निखळणं, जिवावर बेतणं, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदनेत काढावे लागणं, नाहीतर तेवढे दिवस रोजचं काम करता न येणं. (नपुंसक करणंही त्यात येतं.) जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते, आता पंधरा झालेत, हे बऱ्याच जणांना अजून माहीत नाही.

दात बघा. एक दात. बुक्की मारून समोरच्याचा दात पाडला तर ती जबर दुखापत आणि कलम 117 खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. "मला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं" म्हणून पोरं रडतात. कोर्ट तुमचा हेतू बघतंच, तुम्हाला काय होऊ शकतं ते ठाऊक होतं का हेही बघतं, पण तोंडावर जोरात बुक्की मारली तर दात जाईल हे कुणालाही कळतं. समोरच्यानं अचानक भडकवलं आणि तुमचा ताबा सुटला, तर 122 खाली जबर दुखापतीला शिक्षा कमी आहे, पाच वर्षांपर्यंत, पण ते भडकवणं एकदम आणि गंभीर असावं लागतं, आईवरनं शिवी दिली होती गेल्या आठवड्यात, हे चालत नाही.

खरी भीती हत्याराची. टावेर्नमधली (इथल्या छोट्या दारूच्या बारमधली) फुटकी बाटली, कोयता, नारळ सोलायचं लोखंड, आणि किचनमध्ये कामाला असाल तर उकळतं तेलसुद्धा. त्यानं साधी दुखापत झाली तरी तीन वर्षांपर्यंत (118 चं पहिलं पोटकलम), जबर झाली तर किमान एक वर्ष आणि पुढे जन्मठेपेपर्यंत. बाटली टेबलावरच पडलेली होती, घरून आणली नव्हती, हा बचाव होत नाही. माराने कायमचं अपंगत्व आलं तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी, अॅसिडलाही कमीत कमी दहा. आणि स्कूटर बेफाम चालवून कुणाचा पाय मोडलात तर 125 खाली तीन वर्षांपर्यंत, पावसात घाटात आणि बायपासला जरा सांभाळा.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. पाच किंवा जास्त जणांच्या टोळक्यानं जन्मस्थान, भाषा, जात, लिंग, वंश अशा कारणावरनं कुणाला जबर दुखापत केली तर त्यातल्या प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत, हे 117 मध्येच नव्यानं घातलंय. कुणी "घाटी" म्हणून तुमच्यावर टोळीनं चालून आलं तर हे तुमच्या बाजूनं, आणि तुम्ही गावची पाच पोरं जमवून गोंयकाराला धडा शिकवायला निघालात तर तुमच्याविरुद्ध. मागे उभा राहणाऱ्यालाही आत टाकतात, "मी फक्त सोबत गेलो होतो" कुणी ऐकत नाही.

मार खाल्लात तर काय करायचं ते सांगतो, कारण इथं आमचं स्वतःचं नुकसान झालंय. 2024 च्या चवथीच्या आधी माझ्या रूममधल्या पोराला रात्री दोघांनी मारलं, खालचे दोन दात हलले, जबडा सुजला. एका ठाण्यावर गेलो तर त्यांनी एनसी लिहिली आणि "उद्या बघू" म्हणाले. आम्ही पण घाबरून घरी आलो, ही आमची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. दोन दिवसांनी बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात) नेलं, एक्सरे काढला, दात तुटलेले दिसले, तो कागद दाखवल्यावर गुन्हा नोंदवला गेला पण तोवर जो साक्षीदार होता तो गावाला निघून गेला. म्हणून आधी 108 ला फोन, दवाखाना, डॉक्टरांना कुणी कसं मारलं ते स्पष्ट सांगून एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय) नोंद करायला लावा, एक्सरे मागा, फोटो काढा, पंधरा दिवस कामाला जाता आलं नाही तर कंपनीच्या हजेरीचा कागद जपून ठेवा. पोलीस 112 वर.

एफआयआर कुठल्याही ठाण्यावर देता येतो, घटना वेर्ण्याची आणि तुम्ही घाबरून सावंतवाडीला पोचलात तरी तिथं झिरो एफआयआर होतो. प्रत फुकट मिळते, मागायची. नोंदवायला नकार दिला तर एसपींना पोस्टानं लिहून पाठवायचं.

आणि पकडले गेलात तर वकिलाशिवाय काही सही करू नका. अटकेत असलेल्याला मोफत वकील मिळतो, 15100 हा लीगल सर्व्हिसेसचा नंबर आहे, खोलीत भिंतीवर लावून ठेवा. 117 च्या साध्या जबर दुखापतीत जामीन ठाण्यावरही होतो आणि ज्याला लागलं तो मान्य असेल तर कोर्टाच्या परवानगीनं मिटवता येतं, हत्याराच्या जबर दुखापतीत मिटवता येत नाही. माझ्या रूममधल्या त्या मार खाल्लेल्या पोराची केस मडगावच्या कोर्टात चालू आहे, तारीख असली की तो एक दिवसाचा पगार सोडून कदंबाच्या पहिल्या बसनं निघतो.