आजोबांची तोफखान्यातली नोकरी कशी शोधावी

पत्र्याच्या पेटीत आधी डिस्चार्ज बुक (नोकरी संपताना मिळालेली सेवेची नोंदवही) आणि पेन्शनचा पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद) शोधा. सगळं अडतं ते सैनिक क्रमांकावर. कागद वाळवीने खाल्ले असतील तर पदक भिंगाखाली धरा. गोल पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव असतं. पॉलिशने मात्र घासू नका, अक्षरं झिजतात आणि पुरावाच जातो. ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ हे पदक असेल तर १९७१चं युद्ध, ‘समर सेवा स्टार’ असेल तर १९६५चं.

मग तोफखाना अभिलेख कार्यालय, नाशिक रोड कॅम्प इथे अर्ज करा. धुळे-जळगावकरांनी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. लष्करी कागदात आडनाव गळालेलं असू शकतं, म्हणून नावाची दोन्ही रूपं लिहा. रेजिमेंट कळली की २८ सप्टेंबरला, गनर्स डेला म्हणजे तोफखान्याच्या दिवशी, आजोबांच्या फोटोखाली तिचं नाव जरूर लावा. नातवंडांना ते माहीत हवंच.